किती ते कळावं, कोण ते नाही

५ ऑगस्ट २०१९, सोमवार

सकाळी मोहसीनने फोनवर तळहात ठेवून मला खुणेनं बोलावलं. आमच्याकडे मुलांचे आणि पालकांचे फोन तोच घेतो. नांदेडचा आहे, बोलायला गोड; भांडायला फोन केलेला माणूसही त्याच्याशी घरच्यासारखा बोलायला लागतो. आज त्याचाच चेहरा उतरला होता. एका मुलीला आठवडाभर अनोळखी पुरुषांचे फोन येताहेत. सिम नवीन. नंबर फक्त घरी आणि आमच्या 'सराव' ॲपमध्ये दिलेला.

दुपारी कारण सापडलं. 'शंका विचारा'मध्ये मुलं प्रश्न टाकतात. तिथं कुणाचं नाव दिसत नाही असं आम्ही सांगतो, आणि पडद्यावर दिसतही नाही. पण प्रश्नाच्या पाठीमागून विचारणाऱ्याचा मोबाइल नंबर बाकीच्यांच्या फोनपर्यंत जातो. थोडंफार येत असलेल्या कुणालाही तो काढून घेता येईल. हे मी इथं यायच्या आधीपासूनचं आहे.

ताबडतोब बंद करावं तर त्याच वाटेनं रोजच्या चाचणीचे पेपरही जातात. वाट बंद केली की जुनं ॲप असलेल्या सगळ्या मुलांचे पेपर बंद. ऑक्टोबरमध्ये क्लासेसच्या बॅच-परीक्षा आहेत. वरची बॅच मिळाली तर मिळाली, नाहीतर वर्षभर मागच्या बाकावर. म्हणजे आधी नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर जायला हवं आणि मग जुनं दार लावायचं. तोवर ते उघडं.

त्या मुलीचा नंबर तेवढा हातानं काढून टाकला. बाकीच्यांचं काय?

९ ऑगस्ट, शुक्रवार

नवं व्हर्जन दिलं. आता कळणार कसं किती जणांनी घेतलं? पुण्यात नोकरीला असताना हा प्रश्नच नव्हता, स्टोअरवर आकडे दिसायचे. इथं लातुरात मुलं डेटा वाचवायला फाइल एकमेकांच्या फोनवरून घेतात. एका खोलीत एकीनं उतरवून घेतलं की सगळ्या खोलीकडे. आम्हाला पत्ता नाही.

एक धागा मात्र आहे. दिवसात पहिल्यांदा उघडलं की प्रत्येक ॲप सर्व्हरला विचारतं, 'नवं काही आहे का?' आणि आपलं व्हर्जन सांगतं. तेवढं मोजलं तरी पुरे. गंमत अशी की जुनी व्हर्जन्स त्याबरोबर मोबाइल नंबरही पाठवतात. का, ते कुणाला माहीत नाही. कुणीतरी केव्हातरी लिहून ठेवलं.

मी असं केलं की नंबर आला तर सर्व्हरनं तो लिहून घ्यायच्या आधीच टाकून द्यायचा. फक्त व्हर्जनचा आकडा एकानं वाढवायचा. नव्या व्हर्जनमधून तर नंबर पाठवणंच काढलं. ते आठवड्यातून एकदाच 'मी आहे, नवं आहे' एवढं म्हणेल. म्हटलं की नाही, हे त्या फोनलाच ठाऊक; आम्हाला नाही.

आमचे मालक शिवमूर्ती सर म्हणाले, "शिल्पा, दारात आलेलं फेकून कशाला द्यायचं?"

"सर, नंबर बाहेर जातात म्हणून तर हा सगळा खटाटोप. आणि आपणच साठवायचे?"

"बाहेर जाणं निराळं अन् आपल्याकडं असणं निराळं." मग हसले. "बरं बाई. बघू पंधरा दिवस."

सर उदगीरचे. वाईट माणूस नाही. पगार कधी थकवत नाहीत, आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला न मागता सुट्टी दिली. पण सध्या त्यांचं सगळं लक्ष एका मोठ्या क्लासच्या कंत्राटाकडे आहे. जूनच्या अपडेटमध्ये त्यांनी 'पालक-अहवाल' टाकला. मुलानं किती वेळ अभ्यास केला याचा मेसेज रोज रात्री घरी जातो. तो बघूनच क्लासवाले बोलायला तयार झाले.

१८ ऑगस्ट, रविवार

आकडा छान चढतोय. निम्म्याच्या वर गेला. आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. विचारलं, "मोजतीस कशी? घरोघर जाऊन?"

सांगितलं, नाव न विचारता. ती म्हणाली, "भूकंपानंतर लई लोक आले मोजायला. कोण गेलं, किती वर्षांचं, नाव काय. सांगितलं की लिहायचे अन् फोटो काढायचे. एक बाई यायची, ती पत्र्याच्या शेडात नुसतं विचारायची, 'आज किती ताटं?' तेवढंच. तिला मी रोज सांगायची."

माझ्या मोठ्या भावाबद्दल आई स्वतःहून कधी बोलत नाही. आजही बोलली नाही. मी विचारलंही नाही. ज्वारी संपली, मग टँकर आला म्हणून खाली गेले.

२१ ऑगस्ट, बुधवार

मुलींच्या हॉस्टेलवर गेले. तिथल्या बऱ्याच जणी आमचं ॲप वापरतात. म्हटलं, हातानं मदत केली तर वेग येईल. रेक्टर रत्नम्मा, देवणीकडच्या. आवाज मोठा, पण आजारी मुलीला स्वतः गंजी, म्हणजे पेज, करून देताना पाहिलं. त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं.

मी सांगितलं की नव्या ॲपमध्ये तुमचा नंबर कुणाला जात नाही. बऱ्याच जणींनी तिथंच बदललं. काही नुसत्या बसून होत्या. फोन ओढणीखाली. त्यातली एक मागून माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. लायबा नाव, लोह्याची, बारावीत. बारीक, चष्मेवाली.

"दीदी, नव्यात बी घरी कळतं का?"

मी म्हटलं, "अगं नाही, नंबर आता कुणालाच कळत नाही. अगदी सुरक्षित आहे."

"हाव," म्हणाली आणि थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली.

अशा मुलींना समजावून सांगितलं की पटतं. आनंद झाला.

३० ऑगस्ट, शुक्रवार

काहीतरी चुकतंय. नव्याचा आकडा थांबला. आणि जुन्याचा वाढतोय! तोही जूनच्या व्हर्जनचा नाही, त्याच्याही आधीच्या, मे महिन्यातल्याचा. कोण मुद्दाम तीन महिने जुनं ॲप घालेल? दोन दिवस माझंच मोजणं तपासतेय. एकच फोन दोनदा मोजला जातो का? घड्याळाचा घोळ का? काही सापडत नाही.

मोहसीन म्हणाला, "शिल्पाताई, पोरं येडी नसतात. कशाला तरी करून राहिले असतील." मी म्हटलं, कारण असतं तर तुला फोन आला असता. तो परत फोनकडे वळला.

तिकडं आणखी एका मुलीला असेच फोन आले. ती गावी निघून गेली म्हणे. दार लावायला उशीर होतोय आणि दारात कोण उभं आहे तेच मला दिसत नाही. मीच डोळे बांधून घेतलेत. सरांचं बरोबर आहे का? नंबर ठेवले असते तर आज पाच मिनिटांत प्रत्येकीला फोन करता आला असता. माझा काही वाईट हेतू तर नाही ना?

हा प्रश्न दिवसभर डोक्यातून जात नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

आज सरांशी वाद झाला. त्यांनी सरळ सांगितलं, "नंबर टाकून देणं थांबव. मागं राहिलेले कोण ते काढ. रेक्टरांना कळवू, त्या करून घेतील."

मी नाही म्हटलं. माझं मन कालपर्यंत डळमळत होतं, पण त्यांनी 'रेक्टरांना कळवू' म्हटलं आणि काहीतरी आतून नको झालं. का, ते नीट सांगता आलं नाही. म्हणाले, "पोरींच्या भल्यासाठीच ना? उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर तू जबाबदार की मी?"

तरी नाही म्हटलं.

सर मग शांत झाले. एवढ्या लवकर होतील असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी मोहसीनला केबिनमध्ये बोलावलं, बहुतेक क्लासच्या कामाचं असेल. तो बाहेर आला आणि डबा न उचलताच निघून गेला. हाक मारली, ऐकू गेलं नसावं.

९ सप्टेंबर, सोमवार

झालं! जुन्याचा आकडा तीन दिवसांत कोसळला. मे महिन्याचं व्हर्जन तर जवळपास संपलंच. सरांनी पेढे मागवले. मी म्हटलं, बघा सर, नावं न काढता झालं की नाही. सर म्हणाले, "हो, हो," आणि फोन आला म्हणून उठले.

नव्याचा आकडा त्या मानानं वाढलेला नाही. होता तिथंच, किंवा थोडा कमीच. महालक्ष्म्यांना मुली घरी गेल्या असतील, उद्या मोहरमही आहे. सुट्ट्या संपल्या की वाढेल. विसर्जनानंतर दार लावायचं ठरवलं.

मोहसीनने पेढा घेतला नाही. दात दुखतो म्हणाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काहीच झालेलं नव्हतं. मी मूर्ख.

विसर्जन झालं, मुली परतल्या, तरी नव्याचा आकडा हलला नाही. मग रत्नम्मांना फोन लावला, दार लावण्याआधी एकदा विचारावं म्हणून. त्या म्हणाल्या, "यव्वा, तुमचं ॲप तर पोरींनी काढूनच टाकलं की. तुम्ही नावं दिली, मी जेवताना सगळ्यांपुढं वाचून दाखवली. घरी बी फोन केले. दुसऱ्या दिवशी निम्म्या पोरींच्या फोनात ॲप इल्ला."

"मी नावं दिली?"

"तुमच्या ऑफिसनं."

मोहसीन समोरच बसला होता. मी काही विचारायच्या आधीच बोलला. "एका दिवसापुरतं म्हणाले होते, ताई. नंबर टाकून देणारी तुमची ती ओळ मी बंद केली. रात्री परत चालू केली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली न्हाई."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो माझ्या आकड्यांचा. जुनं कमी झालं ते मी बघितलं, नवं वाढलं नाही तेही बघितलं, आणि मध्ये महालक्ष्म्या घातल्या.

लायबाला घरी नेलं, असंही रत्नम्मा म्हणाल्या. वडील आले आणि तिची ट्रंक घेऊन गेले.

१५ सप्टेंबर, रविवार

लोह्याला जाऊन आले. मोहसीनही आला, मीच ये म्हटलं. नांदेडच्या गाडीत अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं.

लायबाचे वडील सलीमभाई बसस्टँडजवळ मोटारसायकलींची सीट-कव्हरं शिवतात. दुकानामागेच घर. त्यांच्या आई सुलतानबी दारातच बसल्या होत्या. मोहसीननं सलाम केला, ओळख सांगितली. सलीमभाईंनी मशीन थांबवलं, पण बसा म्हणाले नाहीत.

"मॅडम, मला हॉस्टेलातून फोन आला. सांगितलं, तुमच्या मुलीनं फोनात काहीतरी गडबड केली, कंपनीला सापडली. आता बापानं काय समजायचं? दुकानात चार माणसं होती. मी शटर ओढलं अन् तसाच लातूरला आलो."

मी सांगितलं, तिनं काही वाईट केलं नाही, फक्त जुनं ॲप ठेवलं होतं.

"मग ते का सांगितलं न्हाई? अन् हे बघा." त्यांनी फोन पुढे केला. जूनपासूनचे आमचे मेसेज. आज अभ्यास इतकी मिनिटं. आज त्याहून कमी. "मी कुठं मागितलं व्हतं? रोज रात्री हे यायचं अन् माझी झोप जायची. फोन करून पोरीला बोलायचो. मग एकाएकी यायचं बंद झालं. मला वाटलं, सुधारली."

आतून लायबा आली. डोळे खाली. मी विचारलं, "किती वेळ अभ्यास करायचीस तू?"

"लई करायची. पुस्तकातून. फोन बंद ठेवूनच होतं माझ्याकडून, दीदी. फोन उघडला की ध्यान जातं." चष्मा वर सारत म्हणाली, "तुमचं ॲप फोन किती वेळ उघडा तेच मोजतं. म्हणून अब्बा रागवायचे. मग एकीकडं मे महिन्यातलं सापडलं, त्यात ते मेसेज नव्हते. सगळ्यांनी घेतलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं व्हतं की. घरी कळतं का, म्हणून."

फाटकाजवळची ती. मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि खुशीत घरी आले.

सलीमभाई मशीनवरचं रेक्झिन उगाच सरळ करत म्हणाले, "पुस्तकातून करायची व्हय." तिला नाही, स्वतःलाच. सुलतानबी एकदम तिकडून बोलल्या, "मी सांगत व्हते ना, पोरीची आँखें बघ, नंबर वाढला चष्म्याचा. फोनचं ऐकलं, माँचं न्हाई ऐकलं."

मग त्यांनीच बसायला सांगितलं आणि चहा टाकला. लायबाला परत लातूरला पाठवणार का, हे सलीमभाईंनी सांगितलं नाही.

गाडीत मोहसीन म्हणाला, "माझी बहीण असती तर मी ती ओळ बंद केली नसती." मी म्हटलं, "मग आता कुणाचीच करू नकोस."

१८ सप्टेंबर, बुधवार

काल मुक्तिदिनाची सुट्टी गेली, सर आज भेटले. राजीनामा लिहून खिशात घेऊनच गेले होते, पण आधी लोह्याचं सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "पालक-अहवाल काढा. तो असेपर्यंत मुली नवं घेणार नाहीत. आणि मागं राहिलेल्यांचे नंबर त्या दारातून जातच राहतील."

वाटलं होतं, कंत्राटाचं काढतील. काढलं नाही. खिडकीतून खाली क्लास सुटलेल्या मुलांकडे बघत राहिले. एवढ्या सायकली.

"मोहसीननं नंबर आणून दिले ना," म्हणाले, "त्यात एक घरचा होता."

सरांची मुलगी अकरावीला आहे. दिवाळीत एकदा ऑफिसला आली होती, कुणाशी न बोलता आमच्या पणत्या लावून गेली.

"तिला विचारलं तुम्ही?"

"काय विचारू? मला कळलं कसं, ते आधी सांगावं लागेल." खिडकीपासून मागे वळून म्हणाले, "रोज माझ्यासमोर बसून जेवते, शिल्पा. एकदाही म्हणाली नाही."

मी राजीनामा बाहेर काढला नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

पालक-अहवाल गेला. क्लासवाल्यांनी कंत्राट दुसऱ्याला दिलं. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण अहवाल परत टाका असंही म्हणाले नाहीत.

नव्या व्हर्जनमध्ये आत शिरल्यावर आधी एक पान दिसतं. हे ॲप आम्हाला काय सांगतं, काय सांगत नाही. मी लिहिलेलं वकिलाच्या नोटिशीसारखं झालं होतं. मोहसीननं फाडलं आणि स्वतः लिहिलं: 'आठवड्यातून एकदा हे ॲप आम्हाला आपलं व्हर्जन सांगतं. तुमचं नाव, नंबर, अभ्यासाचा वेळ सांगत नाही. आम्हालाही न्हाई अन् घरी बी न्हाई. हेही सांगायचं नसेल तर खालचं बटण दाबा, पेपर मिळतच राहतील.' मी 'न्हाई'चं 'नाही' करणार होते. राहू दिलं.

बटणाबद्दल मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, निम्म्यांनी दाबलं तर मोजायचं काय? तो म्हणाला, "मग निम्मेच मोजायचे, ताई."

रत्नम्मांनी हॉलमध्ये सगळ्यांपुढे मुलींची माफी मागितली. मोठ्याच आवाजात. मला वाटलं होतं त्या ऐकणार नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार

आज भूकंपाचा दिवस; आईबरोबर गावी. दरवर्षीसारखं. लोक येतात, दिवा लावतात, फार कुणी बोलत नाही. एका पोरानं मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली तेव्हा आईनं पदर पुढे ओढला. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं. त्यानं ठेवून दिला.

परतताना आई गाडीत आपणहून म्हणाली, "त्याला गोड लई आवडायचं." एवढंच. मी तिचा हात धरून बसले. औशापर्यंत तसाच होता.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज जुनं दार लावलं.

नव्याचा आकडा गेल्या दोन आठवड्यांत चांगला वाढला. खोलीतून खोलीत गेलं असणार, जसं मे महिन्याचं गेलं होतं. किती जणांनी बटण दाबलं ते कळायला मार्गच नाही. त्यामुळे माझा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे, एवढंच खात्रीनं सांगता येतं. सरांना तसंच सांगितलं. "कमी म्हणजे किती?" "माहीत नाही, सर." त्यांनी मान हलवली.

सकाळपर्यंत थोडे जुने विचारत होते. त्यांच्या ॲपवर आठ दिवसांपासून सूचना होती, मोहसीननं क्लासच्या दारात कागद चिकटवले, पेपर हवे असतील तर झेरॉक्सही ठेवल्या. तरी उरलेच. कोण असतील? जळकोटकडचं एखादं घरी बसलेलं पोरगं, फोन भावाचा, रेंज नाही. किंवा ॲप विसरून गेलेलं कुणी. आज एकदा नंबर बघितले असते तर त्यांना सांगता आलं असतं. हा मोह खोटा नाही, हे इथं लिहून ठेवते. चांगल्या कारणासाठीच वाटतो.

मोहसीन बाजूला उभा होता. म्हणाला, "लावा ताई. अडलं तर फोन करतील. मी हाय ना इथं."

लावलं. दुपारपर्यंत मोजकेच फोन आले. त्यानं सगळ्यांना नवं कसं घ्यायचं ते सांगितलं.

२० ऑक्टोबर, रविवार

बॅच-परीक्षा झाल्या. आठवडाभर एकच गोष्ट मनात होती. लायबानं परीक्षा दिली का? हॉस्टेलवर ती परत आलेली नाही, रत्नम्मांनी सांगितलं. तिच्या फोनवर नवं ॲप आहे का, ती घरून पेपर सोडवते का, की सगळं सोडून दिलं? काल आकड्यांकडे बघत बसले होते. त्यात ती आहे किंवा नाही. कितीही बघितलं तरी दिसणार नाही, कारण मीच तसं केलंय.

आज दुपारी दुकानाच्या पाटीवर पाहिलेल्या सलीमभाईंच्या नंबरवर फोन लावला. सुलतानबींनी उचलला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

"कोण? लातूरची मॅडम? हाव, वळखलं."

"लायबा आहे का?"

"हाय की. आत पढून राहिली. परीक्षेला तिचा बाप घेऊन गेलता, सकाळच्या गाडीनं. जानेवारीपासून परत तिकडंच ठिवायचं म्हणतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बुलवू का? पर ती बोलली, कुणाचा बी फोन आला तर आता न्हाई म्हणून सांग. कामाचं हाय का काही?"

मी म्हटलं, "नाही. कामाचं काही नाही."

"मग नंतर कर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.